गैरसोयीच्या बाजूचे दात

आजच्या समारंभाच्या अध्यक्षमहोदया, आमच्या वृक्ष विभागाचे साहेब, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले सर्व मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आणि आम्हा सगळ्यांचे मामा, पहिल्या रांगेत बसून आत्तापासूनच डोळे पुसायला लागलेल्या मामी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे ट्रकच्या फाळक्यावर पाय सोडून बसलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो!

मला पाच मिनिटं दिली आहेत. ज्यांनी दिली ते मला ओळखतात, त्यामुळे त्यांचाही त्यावर विश्वास नसावा. माइक मधूनच किंचाळतोय, तर किंचाळू दे. या शेडमध्ये आपण याहून वाईट आवाज रोज ऐकतो.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगते. रस्त्यावर झाड कोसळलं, फांदी तारांवर लोंबकळली, की आमची गाडी निघते आणि गाडीतून पेट्रोलवर चालणारी करवत घेऊन एक माणूस खाली उतरतो. आम्ही तिला नुसतं मशीन म्हणतो, बाहेर तिला चेनसॉ म्हणतात. पात्याभोवती दातेरी चेन गरगर फिरते आणि माणसाच्या कंबरेएवढ्या लाकडाचे बघता बघता दोन तुकडे होतात. लाकूड आणि पाय यांत तिला फरक कळत नाही. असं मशीन या माणसानं एकतीस वर्षं चालवलं, आणि त्यांची दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत. मामा, हात वर करा बरं. मामा! नाही ऐकू आलं. मामी, त्यांच्या उजव्या कानात सांगा, डावा कान मशीननं केव्हाच खाल्ला. हां, बघा. मोजून घ्या.

डाव्या कानाचं एवढ्यासाठी सांगितलं, की मामा कामाला लागले तेव्हा कानावर लावायचे ते मोठे वाटीसारखे बोळे कोणी वापरतच नव्हतं. आता आमच्यात बोळ्यांशिवाय मशीनला हात लावला, की मामा काही बोलत नाहीत. येतात, स्टॉपचं बटण दाबतात आणि निघून जातात. मी त्यांच्यावर पहिल्यांदा चिडले ती यावरूनच. म्हटलं, तोंड दिलंय ना देवानं, सांगा की! तर ते गेलेसुद्धा होते.

आम्ही मामा म्हणतो खरं, पण त्यांना मामा बनवणारा अजून जन्माला यायचाय. आमच्या स्टोअरवाल्यांनी एकदा प्रयत्न केला होता. स्टोअरवाले, मान खाली घालू नका, सगळ्यांना माहीत आहे. या मशीनला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळूनच द्यावं लागतं. दोन लिटरला चाळीस मिली, कमी नाही, जास्त नाही. मामा ते खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजतात. स्टोअरवाले एकदा म्हणाले, "मामा, अंदाजे ओता की, चालतं सगळं." मामांनी त्यांना विचारलं, "तुमच्या घरी भाजी बिनतेलाची करतात का?" ते म्हणाले नाही. "मग माझ्या इंजिनानं काय पाप केलंय?" त्या दिवसापासून ऑइलची बाटली मागायच्या आधी टेबलावर असते.

आणि साहेब, आपली माफी मागून आपलाही एक किस्सा सांगते. नवीन मशीन आलं तेव्हा फोटोसाठी आपण स्वतः ते सुरू करणार होतात. शिस्तीत केलंत हं सगळं. मशीन जमिनीवर ठेवलं, डाव्या हातानं पुढची मूठ धरली, उजवा पाय मागच्या मुठीत घातला आणि दोरी ओढली. एकदा, दोनदा, पाच वेळा. फोटोवाला बिचारा वाकून वाकून थकला. सतरा वेळा ओढलीत साहेब, मी मोजत होते. घामाघूम झालात. मग मामा पुढे आले, एका बोटानं स्विच चालू केला आणि परत मागे जाऊन उभे राहिले. अठराव्या वेळी मशीन सुरू झालं. तो फोटो आपल्या केबिनमध्ये लावलेला आहे, आणि त्यात आपण फार छान दिसता. साहेब हसतायत, म्हणजे माझी नोकरी शाबूत आहे.

असो. गंमत पुरे, मुद्द्यावर येते. उद्यापासून मामांच्या जागी मी. ऑर्डर निघाली, सही झाली, साहेबांनी माझं अभिनंदनही केलं. केलं नाही ते एका माणसानं. तो माणूस इथे या हारात मान अडकवून बसलाय, आणि त्यांनी या विषयावर मला हो म्हटलेलं नाही की नाही म्हटलेलं नाही. आणि माझ्या पर्समध्ये या क्षणी त्यांची एक वस्तू आहे. ती माझ्याकडे ठेवायची की परत करायची, हे मला इथून बाहेर पडायच्या आत कळायला हवंय. म्हणून मी आज भाषणाला उभी राहिले आहे. नाहीतर भाषणं ऐकताना मला डुलकी लागते, हे माझ्या शेजारी बसणारे सांगतील.

मी या विभागात सहा वर्षं फोनवर होते. लोकांचे फोन यायचे, "अहो, झाड पडलंय, गाडी अडकलीय." मी म्हणायचे, "माणसं निघाली आहेत." सहा वर्षं मी हेच एक वाक्य बोलत होते. एक दिवस एका आजोबांनी विचारलं, "बाई, नेहमी माणसं निघालेलीच असतात, पोचतात कधी?" मला फार लागलं ते. मी साहेबांकडे अर्ज केला, मला गाडीवर पाठवा. ऑफिसात हसले सगळे. घरी आई म्हणाली, "खुर्ची सोडून करवत धरणारी तू पहिलीच." मामांना विचारलं, ही बाई चालेल का? मामा म्हणाले, "मशीन कुठे विचारतं, बाई की बाप्या?" बस. यापलीकडे चर्चा झाली नाही.

पहिला महिना मला मशीन सुरू करू दिलं नाही. नुसतं ऐकायचं. थंड मशीनचा चोक ओढायचा, दोरी ओढायची, मशीन एकदा खोकतं. खोकलं, की चोक परत आत. ज्यानं खोकल्याकडे लक्ष दिलं नाही त्याचं इंजिन पेट्रोलमध्ये बुडतं आणि मग बसा दोरी ओढत. एका कानानं अधू असलेला माणूस मला महिनाभर कान लावायला शिकवत होता! संध्याकाळी पाठीमागचं झाकण काढून फिल्टर साफ करायचा, तोही टूथब्रशनं. मामी, त्या टूथब्रशबद्दल आपण पुढच्या खेपेला बोलू, आज आनंदाचा दिवस आहे.

आणि मग धार. मंडळी, चेनसॉचं खरं काम धार लावणं. चेनवर बारीक दात असतात, आमच्या मशीनच्या चेनवर एका बाजूचे सोळा आणि दुसऱ्या बाजूचे सोळा, एकाआड एक. पेन्सिलीएवढी गोल कानस घ्यायची आणि प्रत्येक दाताला सारख्याच तिरक्या कोनात, आतून बाहेर, तीन हात मारायचे. धार झाली की नाही हे चेनकडे बघून कळत नाही, खाली पडणाऱ्या भुशाकडे बघून कळतं. बारीक पीठ पडलं तर चेन बोथट आहे आणि तुम्ही लाकूड कापत नाही, घासताय. जाड, लांबट कीस पडला तर धार आहे. प्रत्येक कामावर मामा पहिला काप झाला, की वाकून चिमूटभर भुसा उचलतात आणि स्वतःशीच म्हणतात, "पीठ," नाहीतर "कीस." आमच्यात हीच परीक्षा आणि हाच निकाल.

मामी मला एकदा म्हणाल्या होत्या, "तुमच्या मामांचं धारेचं कौतुक मला सांगू नकोस. माझ्या घरातल्या सुरीनं लोणीसुद्धा कापलं जात नाही." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा. मामी हो म्हणतायत, बघा.

तर दुसऱ्या वर्षी मला अक्कल फुटली. मामा दोन दिवस रजेवर होते. मी म्हटलं, धारेत काय एवढं? कानस घेतली, मशीन टेबलावर ठेवलं आणि लावली धार. पहिल्या सोळा दातांना छान हात बसला. दुसऱ्या सोळांना मनगट उलटं वळवावं लागत होतं, टेबलाची कड आड येत होती, चहाही आला होता. म्हटलं, होतंय की, इतकं कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी सलूनसमोर एक मोठी फांदी उतरवायची होती. आमचे दोरीवाले भाऊ खाली दोरी धरून उभे. ते तिकडे मागे बसलेत, दोरीवाले, हात दाखवा. फांदीला आधी खालून छोटा काप घ्यायचा, मग वरून कापत यायचं, म्हणजे ती आपल्याला हवी तिथे सुटते. मी वरून कापायला लागले आणि मशीन एका बाजूला ओढायला लागलं. ज्या बाजूचे दात धारदार, त्या बाजूला चेन पळते, हे मला त्या दिवशी कळलं. माझा काप केळ्यासारखा वाकडा गेला. वरचा काप आणि खालचा काप एकमेकांना भेटलेच नाहीत. फांदी साल फाडत भलतीकडेच झुकली आणि दोरीवाले भाऊ उभे होते तिकडेच आली. भाऊंनी दोरी सोडली आणि उडी मारली ती थेट सलूनच्या दारातून आत, एका अर्धवट दाढी झालेल्या गृहस्थांच्या मांडीवर. आता हसताय तुम्ही. दोरीवालेही हसतायत. त्या दिवशी कोणी हसलं नव्हतं. भाऊ उभे होते त्याच जागेवर फांदी पडली होती, आणि भाऊंची एक चप्पल तिच्याखाली होती.

मी रस्त्याच्या कडेला बसून रडले, कशाला लपवू? फोनवरच बरी होते मी, असंही म्हणाले. मामांना कोणीतरी कळवलं. रजा सोडून आले. मला वाटलं, आता कान उपटतील. त्यांनी चेन उतरवली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "या बाजूचे दात बघ. आता त्या बाजूचे बघ." एका बाजूचे चकचकीत, दुसऱ्या बाजूचे नुसते खरवडलेले. मग म्हणाले, "सोयीच्या बाजूला सगळेच घासतात गं. गैरसोयीच्या बाजूला किती वेळ देतेस, ते बघ." एवढंच म्हणाले. दोरीवाल्यांना नवीन चपला आणून दिल्या. आणि कानस पेटीतून उचलून स्वतःच्या शर्टाच्या खिशात घातली.

ती कानस पुढे सात वर्षं त्या खिशात होती. सात वर्षं! मी झाडं उतरवली, वादळानंतर तीन तीन दिवस गाडीवर काढले, दोन नवीन लोकांना मशीन शिकवलं. पण धार? रोज संध्याकाळी मामा दोन मशीनं टेबलावर घ्यायचे, एक त्यांचं आणि एक माझं. मी शेजारी उभी राहून बघायची. एका बाजूचे दात झाले, की मामा मशीन उलटं फिरवायचे नाहीत, स्वतः उठून टेबलाच्या पलीकडे जायचे. गुडघे दुखतात त्यांचे, तरी जायचे. मी दर वर्षी एकदा मागून बघायचे, "मामा, आज मी लावू?" मामा म्हणायचे, "राहू दे." तो "राहू दे" माझ्या इतका डोक्यात जायचा म्हणून सांगू! एकदा भांडलेही. म्हटलं, एकदा चुकलं माणूस, तर जन्मभर का? मामांनी कान पुढे करून विचारलं, "काय म्हणालीस?" कोणता कान? डावा! लबाडी बघा केवढी.

परवा ऑर्डर निघाली तेव्हा दोरीवाले भाऊ माझ्याकडे आले. अवघडून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, राग नको मानू. मामा रिटायर झाल्यावर धार कोण लावणार?" मी काय राग मानणार? खाली दोरी धरून तेच उभे राहणार आहेत. खरं सांगते मंडळी, दोन रात्री नीट झोप नाही.

आता आज सकाळची गोष्ट. आज मामांचा शेवटचा दिवस, म्हणून मी लवकर आले. कपाट उघडलं. माझं मशीन काल संध्याकाळी जसं ठेवलं होतं तसंच. चेनला बोट लावलं, बोथट. सात वर्षांत हे पहिल्यांदा. आधी वाटलं, निरोपाच्या गडबडीत विसरले. मग राग आला, की जाता जाता एवढंही केलं नाही? मग मशीनच्या मागे बघितलं. स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली कानस होती.

चिठ्ठी नाही, निरोप नाही. मामांकडून चिठ्ठीची अपेक्षा करणं म्हणजे दगडाकडून पाझराची.

मी मशीन टेबलाला घट्ट अडकवलं. पहिल्या दाताला नेलपॉलिशचा ठिपका लावला, मोजणी चुकू नये म्हणून. एका बाजूचे सोळा, प्रत्येकाला तीन हात. मग टेबलाच्या पलीकडे गेले. तिकडे भिंत जवळ आहे, नीट उभंही राहता येत नाही, कोपर खिडकीला आपटतं. मध्येच चहावाला आला. मी म्हटलं, झाकून ठेवा. थंड झाला. पलीकडच्या सोळांना मला दुप्पट वेळ लागला.

नऊ वाजता दवाखान्याच्या फाटकासमोर एक आडवं झालेलं खोड कापायचं होतं. मामा आमच्याबरोबर आले होते, पण गाडीतून उतरले नाहीत. मी मशीन जमिनीवर ठेवलं, चेनचा ब्रेक लावला, दोरी ओढली. खोकलं. चोक आत. सुरू झालं. ब्रेक काढला आणि कापलं. खाली काय पडतंय ते मी बघितलंच नाही. धीर होईना, खोटं कशाला बोलू? काप झाला आणि मान वर केली, तर मामा खोडाजवळ वाकलेले. कधी उतरले, कळलंही नाही. त्यांनी चिमूटभर भुसा उचलला, बोटांत चोळला, रुमालात बांधला, शर्टाच्या त्याच खिशात घातला आणि गाडीत जाऊन बसले. ना पीठ म्हणाले, ना कीस! मी विचारलं, "मामा, काय?" तर म्हणाले, "उशीर होईल, समारंभ आहे."

म्हणजे निकाल त्या खिशात आहे. अध्यक्षमहोदया, सभाशास्त्रात हे बसत नसेल तर क्षमा करा, पण भाषण ऐकणाऱ्याला भर सभेत प्रश्न विचारायची परवानगी मला हवी आहे. बाई मान हलवतायत. आभारी आहे.

ही बघा ती कानस. मामा, मी ही माझ्या हातात धरली आहे. पीठ असेल, तर ही मी आत्ता तुमच्यापुढे टेबलावर ठेवते. मला अजिबात वाईट वाटणार नाही. वाटेल, पण ठेवीन. मग तुम्ही रोज संध्याकाळी अर्धा तास यायचं, आणि तुमचे गुडघे चालतील तोवर मला परत पहिल्यापासून शिकवायचं. दोरीवाल्यांचा जीव माझ्या मानापेक्षा मोठा आहे. आणि कीस असेल, तर ही माझ्या खिशात जाईल. सांगा. पीठ की कीस?

डावा कान पुढे करताय? नाही चालणार. मामी, तुम्ही उजव्या कानात विचारा. हां. थांबा, रुमाल काढतायत. सोडतायत. अध्यक्षमहोदयांच्या पुढ्यात पसरलाय सगळा, फुलांच्या गुच्छावरही पडला. काय म्हणतायत? मामी, जरा मोठ्यानं, ट्रकपर्यंत ऐकू गेलं नाही.

"कीस."

पुढे काय म्हणाले? अजून काहीतरी म्हणाले ना?

"कीस. आणि काप सरळ आहे."

थांबा. मला एक मिनिट द्या. पाणी द्या कोणीतरी.

दोरीवाले, ऐकलंत ना? तुम्ही विचारलं होतंत ना, धार कोण लावणार? बसा आता निवांत. नाही, निवांत नको, दोरी नीट धरा.

ही कानस माझ्या खिशात चालली आहे. सगळ्यांनी बघितलं, साक्षीदार आहात.

मामा, मी तुमच्यावर इतक्या वेळा चिडले, की हिशोब नाही. सात वर्षं तुम्ही माझ्या वाट्याची धार लावत होता, आणि मला वाटायचं की तुम्ही माझा अपमान करताय. आज पलीकडच्या सोळा दातांशी उभी राहिले तेव्हा कळलं, की रोज संध्याकाळी दुखऱ्या गुडघ्यांनी टेबलाला वळसा घालून तुम्ही मला काय दाखवत होता. माझं चुकलं. हे मी चारचौघांत म्हणते, कारण एकट्यात म्हटलं तर तुम्ही म्हणाल, राहू दे.

विभागातर्फे मामांना हे भिंतीवरचं घड्याळ देत आहोत. आयुष्यभर सकाळी सातच्या ठोक्याला हजर असलेल्या माणसाला घड्याळ द्यायची कल्पना कोणाची, ते मी विचारणार नाही. मामी, ते लावा कुठेतरी, आणि सातला वाजलं तर त्यांना उठू देऊ नका.

आता आवरतं घेते, पाच मिनिटांची पंचवीस केव्हाच झाली. अध्यक्षमहोदयांनी एवढा वेळ काढला, साहेबांनी सतरा वेळांची गोष्ट हसून ऐकली, स्टोअरवाल्यांनी मान खाली घालून का होईना पण ऐकली, आणि तुम्ही सगळे ट्रकवर, पायरीवर, मिळेल तिथे बसून राहिलात, त्याबद्दल मनापासून आभार. माझं तोंड फटकळ आहे. बोलताना कोणाच्या बाजूला जास्त घासलं गेलं असेल, कोणाच्या बाजूला कमी, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. नव्या हातानं लावलेली धार आहे.

उद्या सकाळी सात वाजता पाण्याच्या टाकीजवळचं मोठं झाड उतरवायचं आहे. दोरीवाले, वेळेवर या. बोळे विसरायचे नाहीत, नाहीतर मी येऊन बटण दाबीन आणि निघून जाईन.

आणि मामा, तुम्ही उद्या येऊ नका. घरची सुरी एकतीस वर्षं वाट बघतेय. मामी, हे ह्यांच्या उजव्या कानात सांगा.